कोराडीचे ढग : चौथीच्या वर्गातलं एक प्रकरण

मागच्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आमची शाळा नागपूरच्या उत्तर भागात, कोराडी रस्त्याच्या बाजूच्या वस्तीत आहे. मराठी माध्यम, दुपारची शाळा, चौथीचा वर्ग, 34 मुलं. परिसर अभ्यासाच्या तासाला ऋतू शिकवायचे होते आणि भिंतीवर नुकताच एक चकचकीत तक्ता लागला होता. त्यातल्या ‘शरद’च्या चौकटीत तांबडी-पिवळी पानं गळत होती, मफलर गुंडाळलेला एक गोरा मुलगा पानांचा ढीग पायानं उडवत होता आणि वर राखाडी आभाळ होतं. इकडे तक्त्यासमोर बसलेल्या पोरांचे शर्ट पाठीला चिकटले होते. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. खिडकीबाहेरचा कडुनिंब पावसानं धुऊन हिरवागार झालेला.

“मॅडम, पानं कुठी पडून राह्यली?” एका मुलीनं विचारलं.

कुठेच नाही. आपल्याकडे कडुनिंब, पळस, साग यांची पानझड शिशिरात, होळीच्या आगेमागे. तक्त्यातला ऋतू युरोपातला होता, फक्त त्याच्या डोक्यावर आपलं नाव लिहिलं होतं. मी मुलांना म्हटलं, तक्ता राहू दे, आपला शरद आपणच बघू. रोज मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं गच्चीवर जायचं, आभाळ बघायचं, काढायचं. दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत तीन आठवडे. एवढाच बेत होता. तो नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत लांबला, त्याला कारण मागच्या बाकावरचा एक मुलगा. मुलांची नावं इथे देत नाही. त्याला वर्ग पुढे ‘कोराडीवाला’ म्हणू लागला, मीही तेच म्हणते.

मी चुकले तो दिवस

पहिल्याच दिवशी गच्चीवर मी विचारलं, “ढग येतात कुठून?”

पाच-सहा हात वर झाले. देव पाठवतो, डोंगरातून येतात, धुराचे होतात. कोराडीवाला म्हणाला, “कोराडीत बनते, मॅडम. मी पाह्यलं.”

वर्ग हसला. मीही हसले, आणि हसत हसतच म्हणाले, “नाही रे, समुद्रावरून येतात. पुस्तकात चित्र आहे ना, समुद्र, बाण, डोंगर?”

तो काही बोलला नाही. पुढचे दोन दिवस त्याचा कागद कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन विचारलं, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “मी पाह्यलं ते खोटं म्हणता, तं मंग काढू काय?”

त्याच्या बोटाच्या दिशेनं उत्तरेकडे पाहिलं. गच्चीवरून कोराडीचं औष्णिक वीज केंद्र दिसतं हे मला माहीत होतं, पण ‘दिसतं’ याच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. दोन प्रकारच्या गोष्टी उभ्या होत्या तिथे. काही उंच, सडपातळ चिमण्या. आणि काही कमरेत बारीक झालेले, डमरूसारखे थोराड मनोरे. डमरूंच्या तोंडातून पांढरंशुभ्र काहीतरी निघत होतं, फुगत होतं, कलत होतं आणि वरच्या ढगांच्या रांगेत जाऊन मिसळल्यासारखं दिसत होतं. नवरात्रात हा मुलगा आईबरोबर कोराडीच्या देवीला जातो. तिथून तर ते अंगावर आल्यासारखं दिसतं.

आता दोघांची बाजू शेजारी ठेवून बघा. नागपूरपासून अरबी समुद्र काय आणि बंगालचा उपसागर काय, दोन्ही पाचशे किलोमीटरहून लांब. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. मी सांगत होते ती ऐकीव गोष्ट होती. तो सांगत होता ती डोळ्यांनी बघितलेली. शिवाय तो अर्धा बरोबर होता. त्या डमरूंतून निघतो तो धूर नसतो. केंद्रातलं गरम झालेलं पाणी तिथे थंड करतात. त्यातलं काही पाणी वाफ होऊन हवेबरोबर वर जातं आणि गार हवेत त्या वाफेचे बारीक थेंब होतात. थेंबांचा तो पांढरा लोट म्हणजे ढगच की! फक्त त्याचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे, एवढंच. धूर निघतो तो सडपातळ चिमण्यांतून.

चौथ्या दिवशी मी वर्गासमोर सांगितलं की मी घाईनं उत्तर दिलं, आणि याचं म्हणणं तपासून पाहू. “कोराडीचेच असतील तर काय दिसायला पाहिजे?” हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही. त्या दिवशी जमलं.

एक मुलगी म्हणाली, “कोराडीचे असतील तं कोराडीकडूनच येतील ना जी.”

यापेक्षा चांगली कसोटी मला सुचली नसती.

काच, खडू आणि चार गावं

ढग कुठून कुठे जातो हे नुसतं मान वर करून कळत नाही. मान दुखते, आपण हलतो, ढग आपल्याबरोबर चालतो असं वाटतं. वर्गातल्या निम्म्या मुलांना तसं खरंच वाटत होतं. म्हणून जुन्या फोटोफ्रेमची काच घेतली, कडांना जाड चिकटपट्टी लावली, मागे काळा कागद चिकटवला आणि गच्चीवर सपाट ठेवली. काळ्या काचेत आभाळ उतरतं आणि डोळे दिपत नाहीत. काचेच्या मध्यावर एक ठिपका. ढगाची एखादी ठळक कड ठिपक्यावर आली की डोकं न हलवता बघत राहायचं आणि ती काचेच्या ज्या कडेनं बाहेर जाईल तिथे खडूची खूण करायची. हवामान वेधशाळांमध्ये याच तत्त्वावरचं आरशाचं यंत्र वापरलं जायचं, त्याला नेफोस्कोप म्हणतात. आमचं फुकटात झालं.

दिशांची नावं मी मुद्दाम टाळली. चौथीतल्या मुलांना पूर्व-पश्चिम पाठ असते, पण गच्चीवर उभं राहून दाखवता येत नाही. काचेभोवती खडूनं लिहिलं : कोराडी, कामठी, सदर, गोरेवाडा. म्हणजे झाल्या उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. भूगोलाच्या काटेकोरपणात थोडं इकडेतिकडे, पण मुलांना घट्ट कळलं.

दोन नियम पहिल्या दिवसापासून होते. सूर्याकडे बघायचं नाही, आणि काचेत सूर्य उतरत असेल तर त्या दिवशी काच वापरायचीच नाही. कठड्याजवळ कोणी जायचं नाही. गच्चीच्या दाराशी दुसऱ्या वर्गाचे सर उभे राहात. एकटीनं 34 मुलं गच्चीवर न्यायचं धाडस मी केलं नसतं, कोणी करूही नये.

ढग किती आहेत हे मोजायला कागद तीनदा दुमडला. उलगडला की आठ घरं होतात. पुठ्ठ्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळात ढगांनी किती घरं भरली ते सांगायचं. हवामान खात्यातही ढगांचं प्रमाण आठ भागांतच मोजतात, हे मी दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. “म्हणजे आपलं बरोबर हाय,” अशी खात्री वर्गानं करून घेतली.

भाषेवरून एक गंमत झाली. एका मुलानं लिहिलं, ‘आज आभाळ नव्हतं.’ पुण्याहून बदलून आलेल्या एका सहकारी मॅडमनी लाल पेनानं खूण केली : आभाळ कसं नसेल? पण आमच्याकडे ‘आभाळ आलं’ म्हणजे ढग आले. शेतकरी ‘आभाळी वातावरण’ म्हणतो. मुलगा बरोबर होता. ती खूण मी खोडली.

कोराडीवाल्याचा एक दिवस

सप्टेंबरचे उरलेले दिवस काचेनं एकच सांगितलं : गोरेवाड्याकडून कामठीकडे. काळे-राखाडी, आठापैकी सात-आठ घरं भरलेली, मधूनच सर. पश्चिमेचे वारे अजून टिकून होते. रोज खूण कामठीच्या कडेला. कोराडीवाला रोज सगळ्यात आधी काचेपाशी बसायचा आणि रोज तोंड पाडून उठायचा. मला वाटलं, प्रकरण इथेच मिटणार. खरं सांगायचं तर मिटावं असंही वाटत होतं, अभ्यासक्रम मागे पडत होता.

मग ऑक्टोबर लागला. दुपारी कापसाच्या गाठोड्यांसारखे सुटे ढग यायला लागले. वरून फुगीर आणि खालून अगदी सुरीनं कापल्यासारखे सपाट. सगळ्यांचे तळ एकाच पातळीवर. “ताटात वाढल्यावानी,” एकजण म्हणाला. उन्हानं तापलेली हवा वर चढते, वर जाता जाता गार होते आणि ठरावीक उंचीवर गेली की तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. ती उंची आसपास सगळीकडे जवळपास एकच, म्हणून तळ एका रेघेत. ढग जड की हलका यावरून वाद झाला, तेव्हा फळ्यावर हिशेब मांडला. अशा ढगाच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी. पण एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ढग धरला तर पाणी भरतं 500 टन. कळमना बाजारात येणारे संत्र्यांचे दहा टनी 50 ट्रक! “मंग पडत काऊन नाही?” थेंब इतके बारीक की वर चढणारी हवाच त्यांना तोलून धरते. पावसाचा एक थेंब व्हायला तसले लाखो थेंब एकत्र यावे लागतात.

अशाच एका दुपारी काचेतली ढगाची कड सदरच्या बाजूनं बाहेर गेली. म्हणजे ढग कोराडीकडून आले होते.

कोराडीवाला गच्चीवर नाचला. मी वहीत तशीच नोंद केली. कसोटी वर्गानं ठरवली होती, तिचा निकाल आवडला नाही म्हणून फिरवता येत नाही. पण ज्या मुलीनं कसोटी सुचवली होती ती शांतपणे म्हणाली, “कोराडीहून आले, की कोराडीच्या मांगून आले?”

तिचे मामा सावनेरला राहतात, कोराडीच्याही पुढे. लगेच माझ्या फोनवरून मामांना विचारलं. “हाव, इकडं बी तसंच आभाळ हाय. सकाळपासून,” मामा म्हणाले. कापूस वेचणीच्या तोंडावर असल्यानं त्यांचं आभाळाकडे लक्ष आमच्यापेक्षा जास्त होतं. वर्गात शांतता झाली. ढग कोराडीच्या आधी सावनेरला होते. कोराडीवाल्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “पण त्यातला एखादा तं कोराडीचा असन.”

असेल. नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

फोनची ही युक्ती मात्र वर्गाला फार आवडली. कोणाची आजी काटोलला, कोणाचे आबाजी उमरेडला. पुढच्या आठवड्यात घरून फोन करून विचारायचं काम मुलांनी स्वतःहून लावून घेतलं. उमरेडच्या आबाजींनी नातवाला एक म्हणही लिहून घ्यायला लावली : पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती. सूर्य स्वाती नक्षत्रात जातो 24 ऑक्टोबरच्या सुमारास. त्या वेळचा पाऊस रब्बीला सोन्यासारखा, पण फुटलेल्या कापसाला मात्र नासवणारा. म्हणीतले माणिक-मोती कोणाच्या शेतात आणि कोणाच्या नाही, यावर मुलांची चांगलीच जुंपली. त्यांच्या घरचं सगळं त्यावर अवलंबून असतं, मग जुंपणारच.

एक संत्रं, दोन संत्री

याच दिवसांत एका दुपारी साडेतीनला आभाळ काळंभोर झालं. परतीच्या पावसाचा हा स्वभाव : सकाळ कोरडी, दुपार तापलेली आणि मग एकदम गडगडाट. मुलांना गच्चीवर जायचं होतं. ठाम नाही म्हटलं. विदर्भात वीज पडून माणसं जातात ती बरीचशी अशाच दुपारी, शेतात नाहीतर झाडाखाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर होतंच. ते उघडून दाखवलं.

खिडक्या लावून आत बसलो आणि मोजलं. वीज चमकली की सुरू : एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री... एक संत्रं म्हणजे साधारण एक सेकंद. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून तीन संत्र्यांना एक किलोमीटर. पहिल्यांदा पंधरा आली, मग नऊ, मग चार. चार म्हटल्यावर वर्ग चिडीचूप झाला. नंतर पुन्हा वाढत गेली. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास कोणी बाहेर पडलं नाही, शाळा सुटायची वेळ झाली तरी. दोन पालक फाटकाशी रागावले. त्यांनाही आत घेतलं.

कोरे कागद

यानंतर माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ स्वच्छ झालं. निळं, धुतलेलं, खिडकीतल्या आठापैकी शून्य घरं. मुलं कुरकुरली, “मॅडम, काहीच नाही, काढू काय?” मलाही अभ्यासक्रम गाठायचा होता. म्हटलं, ढग येतील तेव्हा जाऊ. सलग पाच दिवस गच्चीवर गेलो नाही.

आणि पावसाळा परत गेला तो नेमका याच दिवसांत! मान्सूनची माघार वायव्य भारतातून सुरू होते. ती सुरू झाली हे ठरवताना हवामान खातं बघतं ते हेच : सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता घटली, खालच्या थरातले वारे बदलले. तिथे ‘काहीच नाही’ ही नोंद असते, रजा नसते. आमच्या भिंतीवरच्या कागदांच्या रांगेत त्या जागी पाच रिकाम्या जागा आहेत. दिवस होते, आभाळ होतं, ते निळं होतं हे मला आठवतंय, पण कागद नाही. आठवणीतून भरून टाकू असं एका मुलानं सुचवलं. ते केलं नाही. त्या जागी ‘गेलो नाही’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या, खाली माझी सही.

कोऱ्या आभाळातही बघण्यासारखं असतं, हे नंतर कळलं. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. दुपारी तीच ‘ऑक्टोबर हीट’ आणि पहाटे गवतावर दव. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवताना चादर ओली लागते ती त्यामुळेच. भुलाबाईची गाणी म्हणायला संध्याकाळी जमणाऱ्या मुलींनी अंगणात पालथी ठेवलेली स्टीलची थाळी रात्रीतून ओली होते का, हे बघायला घेतलं. तो वेगळाच उद्योग झाला, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

शनिवारचे ढग

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या. नोव्हेंबर. खरं तर प्रकल्प संपला होता, पण मुलं काच घेऊन गच्चीवर जायचं थांबवेनात. काचेत बघायला फारसं काही नसायचं, म्हणून ती डमरूच काढायची. नोव्हेंबरच्या मध्यावर मी सगळे कागद तारखेनं जमिनीवर मांडले. शांतपणे बघत उभी असलेली एक मुलगी (वर्गात दिवसभरात ती चार वाक्यंही बोलत नाही) म्हणाली, “शनिवारचा ढग लांब हाय.”

खरंच होता. इतर दिवशी डमरूच्या तोंडावर टोपीएवढा पांढरा लोट. शनिवारी मात्र तोच लोट लांबलचक, शेपटीसारखा, आडवा पसरलेला. एक-दोन शनिवार नाही, सगळे.

अर्ध्या तासात इतकी कारणं निघाली की फळा पुरेना. शनिवारी वीज जास्त लागते, कारण सगळे घरी असतात. शनिवारी मशीन धुतात. शनिवार मारुतीचा. एकानं गंभीरपणे सांगितलं की रविवारची वीज शनिवारी बनवून ठेवतात.

माझ्या लक्षात यायला मिनिटभर लागला आणि मग मी ओठ दाबून धरले. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. इतर दिवशी गच्चीवर जातो अडीचला, शनिवारी आठला. शनिवार आणि सकाळ या दोन गोष्टी आमच्या कागदांवर एकमेकींना चिकटल्या होत्या. लांब शेपटी यातल्या कोणाची, हे या कागदांवरून कळणंच शक्य नव्हतं. मोठ्यांच्या अभ्यासांतही हा घोटाळा होतो. चौथीत तो स्वतःहून चालून आला, तर सांगून टाकायचा कसा?

मी एवढंच म्हटलं, “शनिवारी आणखी काय वेगळं असतं?” डब्यात पोहे असतात, पांढरा गणवेश असतो, कवायत असते. आणि मग कोराडीवालाच ओरडला, “शाळा सकाळची असते!”

“मंग बुधवारी सकाळी पाहू,” मागून कोणीतरी म्हणालं.

बुधवारी सकाळी शाळा नसते. पण कोराडीवाल्याच्या घराच्या माळवदावरून डमरू दिसतात. शनिवार सोडून रोज सकाळी आठला तो घरून काढणार आणि शनिवारी घरी गेल्यावर दुपारी. आठवड्यानं कागद आले. एका सकाळी धुरकट होतं, डमरूच दिसले नाहीत. तिथे त्यानं कोऱ्या कागदावर ‘दिसले नाही’ लिहून सही केली होती. बाकी सगळ्या सकाळी शेपटी लांब. शनिवारी दुपारी टोपी.

म्हणजे शनिवार सुटला. उरली सकाळ. “सकाळी जास्त बनवत असतीन,” असं बहुमत झालं.

त्याचे बाबा तिकडेच कंत्राटी कामाला जातात. त्यांनी निरोप दिला की संच कमी-जास्त चालतात, कधी बंदही असतात. म्हणजे ‘जास्त बनवतात’ हे कारण अगदीच टाकाऊ नव्हतं. मुलांनी मग रोज किती डमरूंतून लोट निघतोय ते मोजायला घेतलं. तेवढेच डमरू चालू असलेल्या दिवशीही सकाळची शेपटी लांब, दुपारची आखूड. इथे वर्ग अडकला आणि मीही अडकले. कारण मला उत्तर माहीत होतं, पण ते त्यांच्या हाताला लागेल असं काही सुचत नव्हतं.

ते लागलं पोषण आहाराच्या खोलीत. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे दोन मुली गंज (मोठं पातेलं) आणायला गेल्या होत्या. शनिवार, सकाळ, थंडी पडायला लागलेली. गंजावरची वाफ पार पत्र्यापर्यंत चढत होती. एकीनं म्हटलं, “मावशी, आज जास्त शिजवून राह्यल्या का?”

मावशी म्हणाल्या, “तांदूळ तं रोजचाच हाय वं. थंडीत वाफ दिसते, उन्हाळ्यात दिसत नाही. निघते तेवढीच.”

दोघी धावत वर्गात आल्या आणि हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मी खडू खाली ठेवला.

मग तपासणं सोपं होतं. सारखेच दोन रुमाल, सारख्याच मगभर पाण्यात बुडवून, पिळून, सावलीत वाळत घातले. एकदा शनिवारी सकाळी आठला, एकदा सोमवारी दुपारी अडीचला. दुपारचे सुकले तेव्हा तास संपायचा होता. सकाळचे शाळा सुटताना हाताला अजून ओलसर लागत होते. “दुपारची हवा तहानलेली असते,” असं त्या न बोलणाऱ्या मुलीनं वहीत लिहिलं. बाष्पीभवन, सापेक्ष आर्द्रता हे शब्द मी आठवड्यानं दिले. हवा गरम आणि कोरडी असली की लोटातले थेंब पटकन विरून जातात. गार आणि दमट असली की त्यांना विरायला वेळ लागतो, शेपटी लांबते. कुकरची शिट्टी वाजते तेव्हा अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही आणि पांढरं वर दिसायला लागतं, हे घरी आईबरोबर लांब उभं राहून बघायला सांगितलं. आपण ‘वाफ’ म्हणतो ते खरं तर थेंब असतात. वाफ दिसतच नाही.

नावांबद्दल थोडं

ढगांची शास्त्रीय नावं मी शेवटी दिली, आणि पुन्हा करेन तरी शेवटीच देईन. आधी दिली की मुलं आभाळाकडे बघून नाव शोधतात आणि नाव सापडलं की बघणं थांबवतात. तोपर्यंत वर्गाची स्वतःची नावं तयार झाली होती. उंचावरचे विस्कटलेले पांढरे धागे म्हणजे ‘बुढ्ढी के बाल’. बारीक दाण्यांचं पसरलेलं शेत म्हणजे ‘पोहे’ (तर्री नसलेले, अशी पुरवणी). सुटे फुगीर ते ‘गाठोडी’, सगळं झाकून टाकणारी ती ‘गोधडी’.

मग सांगितलं की लंडनला ल्यूक हॉवर्ड नावाचा एक औषधं बनवणारा माणूस होता. त्यानं 1802 मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली आणि तीच जगभर चालतात. सिरस म्हणजे केसांची बट. क्युम्युलस म्हणजे ढीग, रास. स्ट्रॅटस म्हणजे पसरलेला थर. दोन सेकंद गेले आणि मग आरडाओरडा. बुढ्ढी के बाल! गाठोडी! गोधडी! आपली नावं त्यानं चोरली असं एकाचं ठाम मत आहे. ते बदलायचा प्रयत्न मी केला नाही.

भिंतीवरचा तक्ता अजून तिथेच आहे. ‘शरद’च्या चौकटीखाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘हे नागपूर नाही’. कोणी ते मला माहीत आहे. पानझडीची नोंद ठेवायला वर्गानं कडुनिंबाखाली चुन्याचा चौकोन आखला आणि त्यात रोज किती पानं पडतात ते मोजायचं ठरवलं.

पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तरी सकाळचं आणि दुपारचं, दोन्ही आभाळ काढायला लावेन. कोरा दिवस चुकवणार नाही. आणि ‘समुद्रावरून येतात’ हे वाक्य निदान महिनाभर तोंडातून काढणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मुलांनी आपापली फाईल बांधली. पहिल्या पानावर ‘मला काय कळलं’ ते लिहायचं होतं. बऱ्याच जणांनी पुस्तकातलं लिहिलं, ते होतंच. कोराडीवाल्यानं डमरू काढला, लांब शेपटीचा, शेपटी कामठीकडे वळलेली. वर गाठोड्यांची एक रांग. खाली तीन ओळी :

‘हा ढग कोराडीचा आहे. बाकीचे नाही. त्या दिवशीचा एक माहीत नाही.’